पथ्याचा स्वयंपाक आणि चोखंदळ जोडीदार

हृदयविकारावरील उपचारानंतर रुग्णालयातून घरी परतणाऱ्या रुग्णासोबत औषधांच्या चिठ्ठीखेरीज आणखी एक कागद येतो. तेल कमी, मीठ कमी, तळलेले वर्ज्य, भाज्या व कडधान्ये भरपूर, अशा मोजक्या सूचना त्यावर असतात. पहिला आठवडा भीतीपोटी हे पथ्य काटेकोरपणे पाळले जाते. दुसऱ्या आठवड्यात ताटातील दुधीची भाजी तशीच उरू लागते. महिना उलटता उलटता पापडाचा डबा पुन्हा टेबलावर येतो, लोणच्याची बरणी खाली उतरते, आणि अनेकदा घरच्यांना नकळत कार्यालयाबाहेरच्या गाडीवरचा वडापावही सुरू होतो.

असे घडले की दोष सहसा रुग्णाच्या जिभेच्या चोचल्यांना दिला जातो. तो पूर्णपणे खोटा नसला, तरी पुरेसाही नाही. पन्नास-पंचावन्न वर्षे एका विशिष्ट चवीवर वाढलेल्या माणसापुढे एके दिवशी अचानक अळणी व सपक अन्न ठेवले, तर तो ते फार काळ खाऊ शकत नाही. पथ्याचे अन्न कागदावर कितीही उत्तम असले, तरी ते रोज आणि आपखुशीने खाल्ले गेले तरच त्याचा उपयोग होतो. म्हणून जोडीदाराच्या आवडीनिवडी हा पथ्यातील अडथळा न मानता, पथ्याची आखणीच त्या आवडीनिवडींपासून सुरू करणे श्रेयस्कर ठरते. ही आखणी मराठी स्वयंपाकघरात कशी करता येईल, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

आहाराला एवढे महत्त्व का?

५२ देशांमध्ये करण्यात आलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात, पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ घटकांशी निगडित असल्याचे दिसून आले. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा स्थूलपणा, मानसिक ताण, मद्यपान, व्यायामाचा अभाव आणि रोजच्या आहारात फळे-भाज्यांचा अभाव हे ते नऊ घटक होत. यांपैकी निम्म्याहून अधिक घटकांचा स्वयंपाकघराशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध येतो. दक्षिण आशियातील लोकांना हा झटका इतरांच्या तुलनेत कमी वयात येतो, असेही याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणातून स्पष्ट झाले. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न अनेकदा नोकरी चालू असलेल्या, मुलांची शिक्षणे पूर्ण व्हायची असलेल्या घरात उभा राहतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत, मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, अशा शिफारशी त्यांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी मिठाची हीच मर्यादा सांगितली आहे. ५ ग्रॅम मीठ म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, किंबहुना त्याहूनही किंचित कमी. आमटी, भाजी, कोशिंबीर, पोळीची कणीक, पापड, लोणचे, बिस्किटे आणि पाव या सर्वांतील मीठ या एका चमच्यात बसवायचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे स्वरूप लक्षात येते.

आधी नोंद, मग बदल

उदाहरणादाखल दोघांचेच एक घर कल्पनेत आणू. पती पंचावन्न वर्षांचे असून त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. स्वयंपाक पत्नी करते. पतींना आमटीवर तरंगणारी फोडणी हवी असते, जेवताना काहीतरी कुरकुरीत लागते आणि शिजलेली फळभाजी त्यांना लिबलिबीत वाटते. दुधी, दोडका, लाल भोपळा यांची नावे निघाली तरी ते नाक मुरडतात. ओट्सची लापशी त्यांनी दोन वेळा खाल्ली आणि “हे आजाऱ्याचे अन्न आहे” असे म्हणून बाजूला सारली.

अशा घरात पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ नोंद ठेवण्यात घालवला, तर तो वाया जात नाही. कोणता पदार्थ ताटात उरला आणि कोणता पुन्हा मागितला गेला, हे एका वहीत लिहावे. “आवडले का?” या प्रश्नाला सहसा “ठीक आहे” एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी “अहो, यात नेमके काय कमी वाटते?” असे विचारल्यास उपयोगी माहिती हाती येते. वरील घरातील पतींना तळणीची ओढ नसून कुरकुरीतपणाची आहे, तेलाची ओढ नसून फोडणीच्या वासाची आहे, आणि दुधीशी वैर नसून तिच्या मऊपणाशी आहे, असे या नोंदीतून दिसू शकते. ओढ नेमकी कशाची आहे हे कळले, की ती वस्तू ताटात ठेवून घातक भाग कमी करण्याची वाट सापडते.

दुसरी गोष्ट म्हणजे बदल एका वेळी एकच करावा. मीठ, तेल, साखर आणि भात एकाच दिवशी कमी केल्यास जेवणातील ओळखीचे काहीच उरत नाही. दर पंधरवड्याला एक बदल या गतीने तीन-चार महिन्यांत बरीच मजल मारता येते. डॉक्टरांनी एखादी गोष्ट तातडीने बंद करण्यास सांगितली असेल, तर मात्र तेथे सवलत घेऊ नये.

मिठाचा हिशेब

मिठाची सवय ही जिभेला लागलेली सवय असते आणि ती बदलू शकते. मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जीभ त्या चवीला सरावते आणि पूर्वीचे जेवण खारट वाटू लागते. पहिल्या पंधरवड्यात नेहमीच्या मिठाचा चौथा हिस्सा कमी करावा आणि त्या चवीला जीभ सरावली की पुढचा हिस्सा कमी करावा. हे अंदाजपंचे न करता, दोघांचे दिवसभराचे मीठ सकाळीच एका लहान डबीत काढून ठेवावे. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे मीठ संपले.

मीठ कमी झाल्याची उणीव आंबटपणा बऱ्याच अंशी भरून काढतो. लिंबू, चिंच, कैरी आणि ताक ही आपल्या स्वयंपाकघरातील जुनीच मंडळी आहेत. आमसूल वापरताना मात्र त्याला मुळात मीठ लावलेले आहे काय, हे पाहून आमटीचे मीठ ठरवावे. आले, लसूण, हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि ताजी कोथिंबीर यांनीही पदार्थ सपक लागत नाही. पदार्थाच्या पोटात मुरलेल्या मिठापेक्षा पृष्ठभागावरचे मीठ जिभेला अधिक जाणवते. म्हणून उसळ जवळजवळ अळणी शिजवून, ताटात वाढताना वरून चिमूटभर मीठ व लिंबू पिळले, तर कमी मिठातही चव भरून येते. भाकरी, पोळी व भात यांत मीठ मुळीच न घालणे ही सर्वांत सोपी बचत होय, कारण सोबतच्या कालवणामुळे ती उणीव सहसा ध्यानातही येत नाही.

खरा चोर मिठाच्या डब्याबाहेर असतो. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि खाण्याच्या सोड्याप्रमाणे तोही सोडियमयुक्तच असतो. लोणची, फरसाण, शेव, वेफर, तयार मसाल्यांची पाकिटे, सॉस, सुकट व सुके बोंबील यांतही मीठ मोठ्या प्रमाणावर असते. पाकिटबंद पदार्थावर सोडियमचे प्रमाण छापलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. १०० ग्रॅम चिवड्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे असे समजावे. पाकिटावर ‘डाएट’ असे छापले असले, तरी हा आकडा पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

लोणच्याशिवाय घास न उतरणाऱ्यांसाठी ताज्या लोणच्याचा पर्याय आहे. कैरी, गाजर किंवा आवळ्याच्या बारीक फोडी, मोहरीची पूड, हळद, तिखट, लिंबाचा रस आणि नावापुरते मीठ एकत्र कालवून ते दोन दिवसांत संपवावे. मुरवणाच्या लोणच्याला टिकण्यासाठी मीठ लागते. दोन दिवसांच्या लोणच्याला ती गरज नसते.

सैंधव किंवा काळे मीठ हृदयाला चालते, असा एक समज आहे. तथापि या दोहोंतही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असल्याने ते मोकळ्या हाताने वापरणे योग्य नाही. कमी सोडियमचे मीठ हा वेगळा पर्याय आहे. त्यात सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सामान्य प्रौढांसाठी त्याची शिफारस केली असली, तरी मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ती लागू नाही. हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळेही रक्तातील पोटॅशियम वाढते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये.

फोडणी राहू द्या, तेल मोजा

मराठी माणसाच्या चोखंदळपणाचे मूळ पुष्कळदा फोडणीत असते. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, लसूण यांचा वास तेलात उतरतो आणि तेलाबरोबर जेवणात पसरतो. मात्र त्यासाठी पळीभर तेलाची आवश्यकता नसते. दोन माणसांच्या आमटीला चहाचा एक चमचा तेल पुरते. त्याकरिता भांडे लहान हवे. रुंद कढईत एक चमचा तेल पसरून जळते, तर लोखंडी कढल्यात त्याच तेलात मोहरी नीट तडतडते. आमटी आधी शिजवून घ्यावी आणि ही फोडणी अगदी शेवटी वरून ओतून लगेच झाकण ठेवावे. वास आत कोंडला जातो आणि पानावर वाढताना तो आधी नाकाला भेटतो. तुपाचेही असेच आहे. वरणात शिजवलेले दोन चमचे तूप हरवून जाते, पण गरम वरणभातावर वाढलेले अर्धा चमचा साजूक तूप शेवटच्या घासापर्यंत जाणवते. हे अर्धा चमचा तूप रुग्णाला चालेल की नाही, हे त्याच्या रक्ततपासणीवरून डॉक्टर ठरवतील.

मिठाप्रमाणेच दिवसाचे तेलही सकाळी वाटीत मोजून काढावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरींच्या दैनिक आहारासाठी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. हृदयरुग्णाला सामान्यतः त्याहून कमी प्रमाण सांगितले जाते. चहाच्या एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते. डॉक्टरांनी चार चमचे सांगितले असतील, तर दोन चमचे दोन्ही वेळच्या फोडण्यांना, एक भाजीला आणि एक थालीपीठ वा धिरड्याला, अशी वाटणी करता येते. वाटणी कशी करायची हे जेवणाऱ्यालाच ठरवू द्यावे. आपणच ठरवलेला हिशेब माणूस सहसा मोडत नाही.

कोणते तेल वापरावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खोबरेल तेलातील जवळजवळ नव्वद टक्के भाग संपृक्त मेदाचा असतो, तुपात तो साधारण साठ टक्क्यांच्या पुढे आणि पामतेलात सुमारे निम्मा असतो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी व सोयाबीन या तेलांत तो बराच कमी असतो. रोजच्या स्वयंपाकासाठी ही तेले आलटून-पालटून वापरावीत. कोणतेही वनस्पती तेल मुळातच कोलेस्टेरॉलविरहित असल्याने डब्यावरील तशा जाहिरातीला विशेष अर्थ नाही. घाण्याचे तेल चवीला उत्तम असते, पण त्यातील कॅलरी इतर तेलांइतक्याच असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तथापि वनस्पती तुपात संपृक्त मेद भरपूर असतोच. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणेही टाळावे.

ओळखीचे पदार्थ, थोडी वेगळी रीत

नव्या परदेशी पदार्थांपेक्षा ओळखीचे पदार्थच थोड्या वेगळ्या रीतीने करणे चोखंदळ जिभेला अधिक मानवते.

भरली वांगी: मसाल्यातील सुके खोबरे निम्म्याहून कमी करावे. त्या जागी तव्यावर कोरडा भाजलेला कांदा, थोडे तीळ आणि दाण्याचे बेताचे कूट घालावे. चमचाभर तेलाच्या फोडणीवर वांगी ठेवून ताटलीने झाकावे, ताटलीत पाणी ओतावे आणि मंद आचेवर शिजू द्यावे. झाकणावर पाणी ठेवण्याची ही जुनी रीत तेलाची मोठी बचत करते, कारण भाजी आपल्याच वाफेवर शिजते आणि खाली लागत नाही.

मिसळ: मटकीची उसळ हा मुळात हृदयाला मानवणारा पदार्थ आहे. तिच्यावरची तेलकट तर्री आणि मूठभर फरसाण हे खरे अपायकारक घटक होत. कटासाठी कांदा, लसूण व आले तव्यावर कोरडे भाजून वाटावे आणि एका चमच्यात फोडणी करावी. लाल रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी मिरचीचे तिखट वापरल्यास तेल न वाढवता रंग येतो. फरसाणाच्या जागी कोरडे भाजलेले पातळ पोहे आणि कच्चा कांदा वाढताना घालावा. पाव एकच ठेवून उसळ वाढवावी.

बटाटेवडा: सारण तेच ठेवून, बेसनाच्या पातळ पिठात बुडवून आप्पेपात्रात थेंबभर तेलावर भाजता येते. हा वडा तळलेल्या वड्यासारखा लागतो, असे मात्र सांगू नये. वेगळा पदार्थ म्हणून तो चांगला लागतो. खऱ्या वड्याची आठवण फारच आली, तर डॉक्टरांच्या संमतीने महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, घरी, ताज्या तेलात एक वडा करून खाणे हे गाडीवर लपून खाण्यापेक्षा केव्हाही चांगले.

कांदेपोहे: पोहे आधी चाळणीत भिजवून निथळावेत, कांदा थोड्या पाण्याच्या हबक्यावर मऊ करावा, मटार किंवा गाजर घालावे आणि फोडणी शेवटी द्यावी. इंदूर परिसरातील मराठी घरांत पोह्यांवर शेव ही हवीच असते. तेथे शेवेऐवजी डाळिंबाचे दाणे, कांदा, लिंबू आणि बडीशेपेचा वास यांवर भर देता येतो.

कुरकुरीतपणासाठी चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, पातळ पोहे व हरभऱ्याचे फुटाणे कोरडे भाजून हवाबंद डब्यात तयार ठेवावेत. फुटाणे आणताना ते खारे नसल्याची खात्री करावी. जेवताना पापडाच्या जागी काकडी, मुळा किंवा गाजराचे ताजे काप चालतात काय, हेही पाहावे. दाताखाली काहीतरी वाजणे ही अनेकांची खरी गरज असते.

भाकरी, कडधान्ये आणि नकोशा भाज्या

तंतुमय पदार्थ, विशेषतः पाण्यात विरघळणारे तंतू, रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतात. ते ओट्समध्ये असतात, तसेच डाळी, कडधान्ये, फळे आणि सातूतही असतात. त्यामुळे ओट्स आवडत नसतील, तर त्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी, बाजरी व नाचणी ही भरडधान्ये मराठी मुलखाला कधी परकी नव्हतीच.

पोळीच्या सवयीच्या माणसाला भाकरी कोरडी वाटते. ही तक्रार बहुधा थंड भाकरीची असते. उकळत्या पाण्यात पीठ मळून, तव्यावरून थेट पानात वाढलेली भाकरी खाऊन पाहिल्याखेरीज तिच्याविषयी मत बनवू नये. तीही नको असेल, तर थालीपिठापासून आरंभ करावा. भाजणीत ज्वारी व कडधान्ये असतातच. तिच्यात किसलेला दुधी पिळून न टाकता मिसळला, तर त्याच्या रसातच पीठ मळले जाते आणि लिबलिबीतपणाची तक्रारही उरत नाही. हे लपूनछपून करू नये. “आज थालीपिठात दुधी आहे” असे सांगूनच वाढावे. फसवणूक उघडकीस आली की माणूस पुढच्या प्रत्येक पदार्थाकडे संशयाने पाहू लागतो.

फळभाजी मऊ शिजलेली आवडत नसेल, तर शिजवण्याची रीत बदलावी. भेंडी तव्यावर न झाकता परतली तर चिकट होत नाही. वांगे विस्तवावर भाजून केलेल्या भरताला धुराचा खमंग वास येतो. लाल भोपळा वाफवून, दही व मोहरी लावून केलेले भरीत अनेक भोपळाद्वेष्ट्यांनाही रुचते. पालक किंवा चुक्याची ताकातली पातळभाजी आंबट आवडणाऱ्यांना चालते. जवस भाजून केलेली विदर्भ-मराठवाड्यातील चटणी ओमेगा-३ प्रकारचा मेद देते. जवस अख्खे खाल्ल्यास नीट पचत नाहीत, म्हणून ते कुटूनच घ्यावेत.

मत्स्याहारी घरांना बांगडा व तारली हे स्वस्त आणि ओमेगा-३ ने समृद्ध मासे उपलब्ध आहेत. रवा लावून भरपूर तेलात तळण्याऐवजी आले-लसूण, हळद, तिखट व आमसुलाचे पाणी लावून ते तव्यावर दोन चमचे तेलात भाजावेत. तिरफळाच्या हुमणात नारळाचे वाटप कमी करून तिरफळे व आमसूल थोडी वाढवली, तर रस पातळ होतो, पण वास टिकून राहतो. तांबड्या मांसाऐवजी कातडी काढलेली कोंबडी बरी, मात्र तिच्या रश्शावरही तर्री नको.

गोड पदार्थांबाबत चहापासून सुरुवात करावी. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर हा हिशेब ३५ ते ४० ग्रॅम साखरेपर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने अशी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. गूळ वा मध घातल्याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

सण, उपवास आणि पाहुणे

पथ्य मोडण्याचे खरे प्रसंग सणावारी येतात. पुरणपोळीच्या दिवशी एक पोळी, वर अर्धा चमचा तूप, आणि सोबत भजी-कुरडयांऐवजी भरपूर कोशिंबीर व कटाची आमटी, असे आधीच ठरवून ठेवले तर ऐन पंगतीत वाद होत नाही. एकादशीच्या नावाखाली तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा तळलेला कीस व वेफर खाणे हृदयाच्या दृष्टीने उपवास ठरत नाही. भगर, दाण्याची पातळ आमटी, ताक, रताळे व फळे हा उपवास अधिक हिताचा. नातेवाइकांचा “एकाने काय होते?” हा आग्रह मोडून काढण्याचे काम मात्र रुग्णाने न करता जोडीदाराने करावे. रुग्णाला पंगतीत परत परत नकार देणे अवघड जाते.

एक चूल, दोन ताटे नकोत

पथ्याचा स्वयंपाक वेगळा आणि घरच्यांचा वेगळा, ही पद्धत बहुतेक घरांत टिकत नाही. वेगळ्या पातेल्यातील अन्न खाणाऱ्याला आपण आजारी असल्याची आठवण दोन्ही वेळा होते, आणि शेजारच्या ताटातील भज्यांचा वास त्याचा निश्चय ढळवतो. कमी मीठ, कमी तेल व अधिक भाज्या हे जेवण निरोगी माणसालाही तितकेच हितकारक आहे. म्हणून सर्वांसाठी एकच स्वयंपाक करावा, आणि ज्यांना अधिक हवे त्यांनी ते वरून घ्यावे.

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचाही येथे विचार व्हायला हवा. बहुतेक घरांत ही जबाबदारी पत्नीवर पडते. नाकारलेली भाजी संपवण्याचे कामही तिच्याच वाट्याला येते, आणि पतीच्या प्रकृतीच्या चिंतेत स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी राहून जाते. हृदयविकार हा केवळ पुरुषांचा आजार नाही. रुग्ण पत्नी असेल, तर पतीनेही चुलीशी उभे राहणे आलेच. कोणत्याही परिस्थितीत चोखंदळ व्यक्तीकडे एखादे काम सोपवावे. कोशिंबीर चिरणे, भाजी निवडून आणणे किंवा सकाळी मीठ-तेल मोजून काढणे ही कामे सहज जमणारी आहेत. भाजी बाजारातून स्वतः निवडून आणलेला माणूस ती पानात टाकताना दोनदा विचार करतो.

काही आवश्यक सूचना

येथे दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. रुग्णाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळी, फळे व काही भाज्यांचे प्रमाण वेगळे ठरवावे लागते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा कमी करू नये, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो. हृदयाची क्षमता कमी झालेल्या काही रुग्णांना दिवसभरातील द्रवपदार्थांची मर्यादा सांगितलेली असते. त्यांनी ताक, आमटी व सार यांचाही त्यात हिशेब धरावा. काही औषधांमुळे तोंडाची चव बदलते. पूर्वी आवडणारे अन्नही अचानक नकोसे झाले, भूक मंदावली किंवा वजन उतरू लागले, तर तो हट्ट न समजता डॉक्टरांना कळवावे. आहार कितीही सुधारला, तरी औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

एखाद्या दिवशी पथ्य मोडले, तर त्यावरून घरात अबोला धरण्याचे कारण नाही. रात्री एक वडा जास्त झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्याचीही गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मीठ डबीत व तेल वाटीत मोजून काढावे आणि नेहमीप्रमाणे आमटीला फोडणी द्यावी.